वाचक विचारतात : लाफाएत फितूर होता का?

गेल्या अंकात फ्रेंच राज्यक्रांतीवर लिहिताना मी एक वाक्य सहज टाकून दिलं होतं : "लाफाएतसारखा सरदार भर लढाईत फौज सोडून शत्रूच्या हद्दीत गेला आणि क्रांतीतला शहाणपणाचा अध्याय तिथे संपला." या एका वाक्यावर अकरा पत्रं आली. शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला, तेव्हा पोरं खिडकीबाहेर बघत बसायची. आता निवृत्तीनंतर वाचक एकेका वाक्याचा हिशेब मागतात. बरं वाटतं. अकरांपैकी पाच पत्रं इथे घेतली आहेत.

मे महिन्यात आम्ही युरोपच्या सहलीला गेलो होतो. पॅरिसमध्ये गाइडने आम्हाला 'गॅलरी लाफाएत' नावाच्या मोठ्या दुकानात दोन तास सोडलं. हे दुकान याच सरदाराच्या घराण्याचं का?
— एक वाचक, पुणे

नाही. ते दुकान ज्या रस्त्याच्या कोपऱ्यावर सुरू झालं, त्या रस्त्याला त्याचं नाव आहे. टिळक रोडवरच्या एखाद्याने 'टिळक वडापाव' अशी पाटी लावावी, तेवढाच संबंध. दोन तासांत काय खरेदी केलीत ते काही कळवलं नाहीत. असू दे. तुमच्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

तो स्वतः उमराव होता, पैसा होता, राजदरबारात वजन होतं. मग स्वतःच्याच वर्गाच्या मुळावर का उठला?
— बारावीचा विद्यार्थी, नांदेड

बाळ, तो कसलीही मोठी तत्त्वं वाचून बाहेर पडला नव्हता. त्याच्या चरित्रातली मला आवडणारी गोष्ट हीच आहे.

1757 साली ओव्हेर्न्य या डोंगराळ मुलखात, शाव्हान्याकच्या गढीत त्याचा जन्म झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा मिंडेनच्या लढाईत इंग्रजांच्या तोफगोळ्याने बाप गेला. 1770 मध्ये आई गेली आणि पाठोपाठ आजोबाही. बाराव्या वर्षी पोरगं पोरकं झालं आणि गडगंज श्रीमंतही. सोळाव्या वर्षी लग्न झालं ते नोआय घराण्यातल्या चौदा वर्षांच्या आद्रिएनशी. नोआय म्हणजे दरबारातलं अगदी आतल्या गोटातलं घराणं. त्यामुळे जावईबापूंना व्हर्सायला नाचावं लागे आणि नाच तर येत नसे. राणी मारी आंत्वानेत त्याच्यावर हसली होती. एकोणिसाव्या वर्षी माणूस घरातून पळतो तो बहुधा असल्याच कारणांनी. नाव कमवायचं होतं आणि बापाला मारणाऱ्या इंग्रजांशी दोन हात करायचे होते. हक्क, समता वगैरे मागाहून आलं.

तर 1777 मध्ये या पोराने स्वतःच्या पैशांनी जहाज विकत घेतलं. राजाने मनाई केली होती, म्हणून स्पेनच्या बंदरातून ते हाकारलं आणि अमेरिका गाठली. पगार नको म्हणाला, म्हणून अमेरिकनांनी एकोणीस वर्षांच्या मुलाला मेजर जनरल करून टाकलं! (फुकटातल्या माणसाला हुद्दा द्यायला काय जातं?) पण सप्टेंबरमध्ये ब्रँडिवाइनच्या लढाईत पायाला गोळी लागली तरी तो हटला नाही, तेव्हा हा पोरखेळ नाही हे लोकांच्या लक्षात आलं. जॉर्ज वॉशिंग्टनला मूल नव्हतं आणि याला बाप नव्हता. पुढे याने आपल्या मुलाचं नावच 'जॉर्ज वॉशिंग्टन' ठेवलं.

माझ्या मते तो बदलला तो तिथे भेटलेल्या माणसांमुळे. त्यांतला एक जेम्स नावाचा व्हर्जिनियातला गुलाम. 1781 मध्ये तो इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या छावणीत शिरून लाफाएतसाठी हेरगिरी करत होता. लढाई जिंकली, देश स्वतंत्र झाला आणि जेम्स मात्र गुलामच राहिला. 1784 मध्ये लाफाएतने त्याला हाताने लिहून शिफारसपत्र दिलं, 1787 मध्ये त्याची सुटका झाली. मग जेम्सने आडनाव घेतलं 'लाफाएत'. सरदाराने पुढे दक्षिण अमेरिकेतल्या कायेनमध्ये मळे घेतले, तिथल्या गुलामांना हळूहळू मोकळं करावं म्हणून. 'हळूहळू' या शब्दाखाली रेघ मार. हा माणूस सगळंच टप्प्याटप्प्याने करू पाही. क्रांतीने त्याची मालमत्ता जप्त केली तेव्हा मळ्यावरची माणसंही मालमत्तेबरोबर विकली गेली. टप्पे पुरे व्हायचे राहूनच गेले.

11 जुलै 1789 रोजी मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा पहिला मसुदा त्याने राष्ट्रीय सभेपुढे ठेवला. जेफरसन तेव्हा अमेरिकेचा वकील (म्हणजे राजदूत) म्हणून पॅरिसमध्ये होता, त्याच्या नजरेखालून तो मसुदा गेलेला होता. तीन दिवसांनी पॅरिसचा तुरुंग-किल्ला बॅस्तिल पडलं. पुढच्या वर्षी सरदारक्या रद्द करण्याच्या ठरावाला याने पाठिंबा दिला आणि आपल्या नावापुढचं 'मार्की' काढून टाकलं. बॅस्तिलची मोठी लोखंडी किल्ली त्याने वॉशिंग्टनला भेट म्हणून पाठवली. ती आजही माउंट व्हर्ननच्या घरात भिंतीवर लटकते आहे.

मी सैन्यात होतो. शत्रू समोर असताना जो सेनापती फौज सोडून पलीकडे जातो त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे. बाई, तुम्ही तो शब्द लिहायला का कचरलात?
— निवृत्त सुभेदार, धाराशिव

सुभेदारसाहेब, तुमचं पत्र तीन वेळा वाचलं. 'कचरलात' लागला, पण बरोबर जागी लागला. उत्तर लांबणार आहे.

14 जुलै 1790. बॅस्तिल पडल्याला वर्ष झालं होतं. पॅरिसच्या शाँ द मार्स मैदानात लाखोंचा समुदाय, वरून पाऊस कोसळतोय. तेहतीस वर्षांचाही न झालेला लाफाएत, राष्ट्रीय रक्षक दलाचा सेनापती, मधल्या वेदीवर चढला आणि त्याने सगळ्यांच्या वतीने शपथ घेतली : राष्ट्राशी, कायद्याशी आणि राजाशी एकनिष्ठ राहू. या तिघांचं एकमेकांशी जमेल असं तो धरून चालला होता. पुढची दोन वर्षं ते तिघे तीन दिशांना ओढत राहिले आणि हा मध्ये.

पहिला फटका त्याआधीच बसला होता. 5 ऑक्टोबर 1789 ला पावाच्या टंचाईने पिसाळलेल्या बाया पॅरिसहून व्हर्सायला चालत निघाल्या. रक्षक दलाचे शिपाईही हटून बसले, आम्हीही जाणार. लाफाएत नगरभवनापुढे घोड्यावर बसून कित्येक तास त्यांना समजावत होता. शेवटी त्यांना नेतोय की ते याला नेताहेत अशा थाटात निघाला. रात्री उशिरा पोचला, राजाला भेटला, पहारे लावले आणि पहाटे सासऱ्यांच्या वाड्यात जाऊन अंग टाकलं. तेवढ्यात जमाव राजवाड्यात घुसला, दोन पहारेकरी मारले गेले, राणी अंगावरच्या कपड्यांनिशी राजाच्या दालनाकडे धावली. हा धावत आला. मग त्याने जे केलं त्याला तोड नाही. खाली 'राणी, राणी' म्हणून ओरडणारा जमाव, हातात भाले. याने तिला एकटीला गच्चीत नेलं आणि काही न बोलता वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. ओरडा थांबला. त्याच जमावातून तिचा जयजयकार उठला. एकेकाळी त्याच्या नाचाला हसलेली हीच ती राणी. पण राजनिष्ठांनी त्याला नाव ठेवलं ते 'जनरल मॉर्फियस', म्हणजे निद्रादेवाचा सेनापती. आपल्याकडे कुंभकर्ण म्हटलं असतं. वीस-बावीस तास घोड्यावर काढलेल्या माणसाने तास-दोन तास डोळा लावला, तर इतिहास त्याला तेवढ्याचसाठी लक्षात ठेवतो. तुम्ही स्वतः शिपाई, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

20 जूनच्या रात्री, 1791 मध्ये, राजा कुटुंबासह पळाला. त्याच रात्री लाफाएत राजाच्या शयनगृहात हजेरी लावून आला होता. पहाऱ्याची जबाबदारी त्याच्याच माथ्यावर. राजा व्हारेनला पकडला गेला, पण लोकांच्या मनात दोनच शक्यता उरल्या : लाफाएत एक तर मूर्ख, नाही तर सामील. दांतों या पुढाऱ्याने जॅकोबिनांच्या, म्हणजे जहाल क्रांतिकारकांच्या, सभेत हे तोंडावर बोलून दाखवलं. लाफाएतने तर राजाला क्रांतीच्या शत्रूंनी पळवून नेलं अशी हूल उठवली, कारण राजा पळाला असं म्हटलं की शपथेतला तिसरा शब्द गळून पडत होता.

आणि मग 17 जुलै 1791. तेच मैदान, तीच वेदी. राजाला काढा, या अर्जावर सह्या करायला लोक जमले होते. सकाळी वेदीखाली लपलेले दोघे सापडले, जमावाने त्यांना ठार मारलं. महापौर बायीने लष्करी कायदा पुकारला. त्याची खूण म्हणून लाल बावटा फडकवायची पद्धत होती. हो, लाल बावटा तेव्हा सरकारचा होता, 'पांगा, नाही तर गोळी घालू' असं सांगणारा! दगड आले, लाफाएतच्या शिपायांनी गोळ्या झाडल्या. मेलेल्यांचा आकडा बारापासून पन्नासपर्यंत वेगवेगळा सांगतात. वर्षापूर्वी ज्या वेदीवर तो सगळ्यांचा लाडका होता, तिथेच लोकांचं रक्त सांडलं. (बायी मुळात खगोलशास्त्रज्ञ. 1793 च्या नोव्हेंबरात त्याला गिलोटिनवर नेलं तेव्हा तो लाल बावटा त्याच्या तोंडापुढे धरून जाळला.)

तुमचा शब्द मला वापरायचाच असता, तर मी तो या तारखेला वापरला असता. 'फितूर' म्हणून नव्हे, दुसरा एखादा. पण तुम्ही विचारता 19 ऑगस्ट 1792 बद्दल.

तोवर ऑस्ट्रिया आणि प्रशियाशी लढाई जुंपली होती आणि हा सरहद्दीवर सेडानला होता. जूनमध्ये त्याने सभेला पत्र लिहिलं, जॅकोबिनांना आवरा म्हणून. मग फौज मागे ठेवून स्वतः पॅरिसला जाऊन तेच बोलून आला. दोन्ही वेळा कोणी ऐकलं नाही. 10 ऑगस्टला जमावाने राजवाडा घेतला आणि राजाची सत्ता संपली. सभेचे प्रतिनिधी सेडानला आले, त्यांना लाफाएतच्या बाजूच्या नगरपालिकेने अटक केली. त्याने शिपायांना जुन्या शपथेची आठवण करून दिली, राज्यघटना वाचवायला चला म्हणाला. शिपायांनी मान हलवली नाही. 19 तारखेला सभेने त्याच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला. पॅरिसला जावं तर मान जाणार, इथे राहावं तर आपलीच फौज आपसात फुटणार. चौक्या-पहारे नीट लावून तो काही अधिकाऱ्यांबरोबर सरहद्द ओलांडून गेला. बेत हॉलंडमार्गे अमेरिकेला जायचा होता.

आता यापुढचं बघा. शत्रूला फितूर झालेला माणूस शत्रूच्या घरी काय खातो? प्रशियनांनी आणि ऑस्ट्रियनांनी मिळून त्याला पाच वर्षं तुरुंगात कुजवला. वेझेल, माग्डेबुर्ग, नाइसे आणि शेवटी ओल्मुट्झ. कारण त्यांच्या लेखी हा राजांना आव्हान देणारा बंडखोरच. त्याच्या जागी आलेला द्युमुरिए, तो खरा तुमच्या शब्दाचा धनी. 1793 च्या एप्रिलात त्याने ऑस्ट्रियनांशी संधान बांधलं, फौज पॅरिसवर न्यायचा डाव टाकला, तो फसला तेव्हा चौकशीला आलेले सभेचे प्रतिनिधी आणि युद्धमंत्री शत्रूच्या ताब्यात देऊन स्वतः पसार झाला. इंग्लंडात पेन्शन खाऊन म्हातारा झाला. लाफाएतने कोणाला ताब्यात दिलं नाही, नकाशा दिला नाही. त्याने सोडलेली फौज महिन्याभरात व्हाल्मीला प्रशियनांपुढे उभी राहिली, मोडली नाही.

आणि जे उमराव सेनापती थांबले त्यांचं काय झालं, तेही सांगते. क्युस्तीनचं डोकं ऑगस्ट 1793 मध्ये उडालं, बिराँचं त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी, अलेक्सांद्र द बोहार्नेचं 23 जुलै 1794 ला, जॅकोबिनांचा म्होरक्या रोबेस्पिएर पडायच्या चारच दिवस आधी. (बोहार्नेची विधवा म्हणजे पुढे नेपोलियनची जोसेफिन.) पहिले दोघे अमेरिकेत लाफाएतच्या जोडीने इंग्रजांशी लढलेले. तुम्ही म्हणाल, शिपायाने मरावं पण जागा सोडू नये. मी वाद घालणार नाही. मी आयुष्यात खडूपलीकडे काही उगारलेलं नाही.

आमच्या परशुरामभाऊंच्याच काळातली ही गोष्ट. दोन्हींत कुठे धागा जुळतो का?
— एक वाचक, तासगाव

जुळतो आणि चांगला जाड आहे. धाग्याचं नाव कॉर्नवॉलिस. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला लाफाएत, वॉशिंग्टन आणि फ्रेंचांनी ज्याला कोंडलं तोच हा. शरणागतीच्या दिवशी आजारी असल्याचं सांगून त्याने तलवार दुसऱ्याच्या हाती पाठवली. 1785 मध्ये प्रशियाच्या फ्रेडरिकने आपल्या कवायती बघायला पाहुणे बोलावले, तेव्हा हरलेला कॉर्नवॉलिस आणि जिंकलेला लाफाएत एकाच पंगतीला जेवले. पुढच्याच वर्षी कॉर्नवॉलिस गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला.

मे 1791 मध्ये तो टिपूवर चालून श्रीरंगपट्टणापर्यंत गेला. पण दाणावैरण संपली, बैल मेले, जड तोफा स्वतःच फोडून माघारी वळावं लागलं. त्या माघारीत मेलुकोट्याजवळ त्याला समोरून फौज येताना दिसली. ती हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांची. मराठ्यांच्या छावणीतला बाजार भरलेला होता, धान्य मिळालं, भाव मात्र सडकून लावला. आपले लोक! पुढच्या वर्षी टिपूला अर्धं राज्य सोडावं लागलं. भाऊंची कॉर्नवॉलिसशी गाठ पडली त्याला महिनाही झाला नव्हता, तोच पॅरिसमध्ये राजा पळाला आणि लाफाएतची कंबर मोडली. तुमच्या गणपतीच्या देवळाचं गोपूर भाऊंनी दक्षिणी धाटणीचं बांधलं. मी सांगलीहून येताना एस.टी.च्या खिडकीतून ते दिसलं की मला उगीच यॉर्कटाउन आठवतं. कॉर्नवॉलिस 1805 मध्ये आपल्याच देशात गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे.

पुरुषांच्या शपथा आणि लढाया झाल्या. त्याच्या बायकोचं काय झालं ते एकदा सांगाल का?
— एक वाचिका, बेळगाव

सांगते. हे पत्र आधी आलं असतं तर गेल्या अंकातलं ते वाक्य मी वेगळं लिहिलं असतं.

नवरा सरहद्द ओलांडून गेला तेव्हा आद्रिएन शाव्हान्याकला होती. अशा बायका तेव्हा जीव वाचवायला कागदोपत्री घटस्फोट घेत. ही प्रत्येक अर्जावर सही करायची ती 'लाफाएतची बायको' अशी, ठसठशीत. अटक झाली. पॅरिसच्या तुरुंगात असताना 22 जुलै 1794 ला तिची आजी, आई आणि बहीण एकाच दिवशी गिलोटिनवर गेल्या. पाच दिवसांनी रोबेस्पिएर पडला. तिचा नंबर यायचा राहिला. तुरुंगाच्या दाराशी अमेरिकन वकील मन्रोची बायको सरकारी गाडीतून तिला भेटायला गेली, सगळ्यांना दिसेल असं. जानेवारी 1795 मध्ये सुटका झाली.

सुटल्यावर तिने मुलाला अमेरिकेला वॉशिंग्टनकडे धाडलं आणि दोन मुलींना घेऊन थेट व्हिएन्ना गाठली. ऑस्ट्रियाच्या सम्राटापुढे उभी राहून मागितलं काय, तर नवऱ्याला सोडा असं नाही; मला त्याच्या कोठडीत जाऊ द्या. ऑक्टोबर 1795 मध्ये ओल्मुट्झच्या तुरुंगाचं दार उघडलं आणि लाफाएतला समोर बायको आणि पोरी दिसल्या. तिथे काटे-चमचे मिळत नसत, हाताने जेवायचं. (आपल्याला त्याचं काय! पण नोआयच्या लेकीला असेल.) तिने तिथे आपल्या आईचं चरित्र लिहिलं, निसर्गशास्त्रज्ञ बुफाँच्या एका पुस्तकाच्या समासात, दात कोरायच्या काडीने. अंग सुजलं, रक्त बिघडलं, उपचाराला व्हिएन्नाला जाऊ का विचारलं. उत्तर आलं : जा, पण परत आत येता येणार नाही. ती गेली नाही. 1797 च्या सप्टेंबरात नेपोलियनच्या दबावाने सगळे सुटले, तेव्हा ती आतून पोखरलेली होती. तरी दहा वर्षं जगली, बुडालेल्या इस्टेटीतलं लाग्रांजचं घर सोडवलं, तिथे नवऱ्याला शेती करायला बसवलं. 24 डिसेंबर 1807 ला ती गेली. शेवटचे शब्द नवऱ्यालाच उद्देशून होते : "मी पूर्ण तुमची आहे." तिची खोली त्याने होती तशी बंद ठेवली, तिथे तो एका आडदारानेच जायचा.

तो पुढे सव्वीस वर्षं जगला. 1824-25 मध्ये अमेरिकेने बोलावलं तेव्हा चोवीसच्या चोवीस राज्यांत मिरवून आला. 1830 च्या क्रांतीत, बाहत्तराव्या वर्षी, पुन्हा रक्षक दलाचा सेनापती झाला. नगरभवनाच्या गच्चीत तिरंगा हातात घेऊन लुई फिलिपला मिठी मारली आणि त्याला राजा करून टाकलं. पुन्हा एकदा राष्ट्र, कायदा आणि राजा! सहा महिन्यांत पस्तावला. 1834 मध्ये गेला तो आद्रिएनच्या शेजारी.

ती जागा पिक्पुसची. तिची आई जिथे पुरली होती ती जागा सापडावी म्हणून आद्रिएन आणि तिची बहीण शोधत होत्या. ज्या गरीब मुलीचा बाप आणि भाऊ त्याच गाडीतून गेले होते, तिने प्रेतांच्या गाडीमागे चालत जाऊन ती जागा बघून ठेवली होती. सहा आठवड्यांत 1306 जण तिथल्या दोन खड्ड्यांत टाकले होते : उमराव, नोकर, जोगिणी, शिपाई. बहिणींनी वर्गणी काढून शेजारची जमीन विकत घेतली, खड्ड्यांच्या जवळ आपल्या लोकांना पुरता यावं म्हणून. लाफाएतच्या अंगावरची माती मात्र अमेरिकेतल्या बंकर हिलची, ती त्याने स्वतः आणून ठेवली होती.

आता पुण्याचे वाचक. पुढच्या वेळी गाइडने दोन तास दिले की दुकानात जाऊ नका. खाली मेट्रोच्या स्टेशनाचं नावही लाफाएतच आहे. तिथून 9 नंबरची गाडी धरा आणि 'नासिओं'ला उतरा. ज्या चौकात बाहेर याल तिथेच त्या उन्हाळ्यात गिलोटिन उभं होतं. दहा मिनिटं चाललात की पिक्पुसचं फाटक. दुपारी काही तासच उघडं असतं, थोडं तिकीट लागतं, सुटे पैसे ठेवा. बागेच्या टोकाला भिंतीजवळ दोन सपाट दगड आहेत आणि एक अमेरिकन झेंडा. आद्रिएनचं नाव वाचायला जरा वाकावं लागेल.